पान एक्केचाळीसवरचं नाव

तिला सगळे भिंगताई म्हणायचे, आणि त्या नावात थट्टेपेक्षा धाक जास्त होता. शाळांसाठी पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनसंस्थेत, दुसऱ्या मजल्यावरच्या नकाशा विभागात, ती एकोणीस वर्षं नकाशे तपासत होती. गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेलं भिंग, कानावर लाल पेन्सिल. एखादी नदी डोंगराच्या चुकीच्या अंगाने उतरली की तिच्या कपाळाला आठी पडायची, आणि ती आठी दिसली की नकाशा काढणारा खोडरबर शोधायला लागायचा. लग्न ठरलं तेव्हा तिने नवऱ्याचा चेहराही भिंगातून पाहून घेतला होता, असं ऑफिसात सांगत. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, बोलका माणूस. तो म्हणायचा, "आणि तरी पास केलं हिने. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी परीक्षा ती."

त्या मंगळवारी सकाळी निर्मिती विभागाचे व्यवस्थापक तिच्या टेबलाशी आले. यांना घाईसाहेब म्हणत. ते जिने दोन-दोन पायऱ्या चढत, सही उभ्याउभ्या करत, आणि त्यांचा चहा कायम कुणाच्या तरी टेबलावर निवत पडलेला असे. आज मात्र ते सावकाश आले. तिला तिथेच काहीतरी खटकलं.

"ॲटलासचं पत्र आलंय," ते म्हणाले. "चार बदल सांगितलेत. तीन किरकोळ. चौथाही किरकोळच."

शालेय ॲटलासचं काम तीन वर्षं चाललं होतं. एकशे बारा पानं. कागद परदेशातल्या एका मोठ्या छापखान्यात छापून यायचे होते आणि बांधणी इथेच, याच इमारतीच्या तळमजल्यावर व्हायची होती. सत्तरेक वर्षांपूर्वी ज्या सरकारच्या फौजा तिबेटात शिरल्या, त्याच सरकारच्या हद्दीत तो छापखाना होता. तिथे कुठलाही नकाशा छापण्याआधी एका सरकारी खात्यातून पास व्हावा लागे. त्या खात्याने चार बदल सुचवले होते. चौथा होता पान एक्केचाळीसवर, 'उंच पठारं आणि मोठ्या नद्या' या नकाशात. पठारावर पसरलेलं 'तिबेट' हे नाव काढावं. जागा रिकामी ठेवावी.

"रिकामी?" तिने विचारलं.

"रिकामी. दुसरं नाव घाला म्हणत नाहीत, हे नशीब समजा."

"साहेब, चूक असती तर मीच काढली असती. ही चूक नाही."

"तीन अक्षरं आहेत, ताई. ति, बे, ट." त्यांनी तीन बोटं मोजून दाखवली. "शुक्रवारी दुपारी बाराच्या आत तुमची सही झालेली पानं गेली पाहिजेत. छपाईची पाळी हुकली तर शाळा उघडतील आणि मुलांच्या हातात पुस्तक नसेल. तीन अक्षरांपायी तीस हजार मुलं खोळंबायची का?"

प्रत्येक पानासोबत एक फॉर्म असायचा. खाली छापलेलं असे: 'तपासले. रेषा, रंग व नावे बरोबर आहेत.' आणि त्याखाली तिच्या सहीची जागा. एकोणीस वर्षांत ती ओळ तिने कधी वाचलीच नव्हती म्हणा ना. आज वाचली आणि पेन्सिल खाली ठेवली. मग उचलली. मग पाणी प्यायला उठली आणि पाणी न पिताच परत आली.

तिचं मन एवढं का ढवळलं, ते कळायला सहा वर्षं मागे जावं लागेल. सातव्या महिन्यात तिच्या पोटातलं बाळ गेलं होतं. रजा संपवून ती कामावर आली, पण हात थरथरायचे. भिंग धरलं की अक्षरं नाचायची. एक दिवस दुमडलेल्या छापील कागदांचे फर्मे तपासायला ती तळमजल्यावर बांधणी विभागात गेली आणि तिथेच तिला रडू फुटलं. तिथले मुकादम, बांधणीकाका, फर्म्यांची चळत बाजूला सारून म्हणाले, "इथे बस. काही करू नकोस. श्वास येतो-जातो तेवढं बघ." ती बसली. अर्ध्या तासाने उठली तेव्हा हात थांबले होते.

बांधणीकाका तिबेटी. नऊ वर्षांचे असताना आईचं बोट धरून बर्फातून निघाले होते. या बाजूला पोचले ते एकटे. तेव्हापासून इथली भाषा बोलत, इथेच म्हातारे झाले. दर बुधवारी काम सुटल्यावर बांधणी विभागामागच्या खोलीत ते पाच-सहा जणांना घेऊन ध्यानाला बसत. खोलीला खळीचा आणि कापलेल्या कागदाचा वास. बसायला पुठ्ठ्याच्या चळती, त्यावर उरलेलं बांधणीचं कापड. भिंगताई बौद्ध घरातलीच होती. सासूबाईंची वंदना तर रोज सकाळी साऱ्या घराला जागं करायची. पण धम्म म्हणजे पाठ म्हणायची गोष्ट नाही, हे तिला त्या पुठ्ठ्यावर बसून कळलं. मिळालेली शांतता मग ती काठोकाठ भरलेल्या भांड्यासारखी जपायला लागली. कुणाशी भांडण नको, वाद नको, थेंबही सांडायला नको.

शनिवारी दुपारी काका आणि त्यांची दहा-बारा माणसं मोठ्या चौकात झेंडा आणि फलक घेऊन उभी राहत. 'तिबेटला स्वातंत्र्य द्या.' काकांनी एकदाच विचारलं होतं, "येतेस?" ती म्हणाली होती, "मला ते राजकारण जमायचं नाही, काका. मी आपली शांतीसाठी येते." काका "बरं" म्हणाले आणि पुन्हा कधी विचारलं नाही. आता ते 'बरं' मंगळवार दुपारपासून तिच्या कानात गुणगुणायला लागलं होतं.

बुधवारी संध्याकाळी ती बसली, पण बसणं नावालाच. पाय बधिर झाला. नाक खाजलं. श्वास मोजायला गेली तर मनात एक्केचाळीस, एक्केचाळीस. शेजारी ऑफिसातला हिशेबनीस डोळे मिटून बसलेला, त्याचा संथ श्वास ऐकून तिला त्याचा रागच आला. सगळे गेल्यावर ती थांबली आणि पानाची प्रत काढून काकांपुढे ठेवली. काय घडलं ते सांगितलं.

काकांनी चष्मा चढवला, तिच्याकडून भिंग मागून घेतलं आणि बराच वेळ पान बघितलं. मग एका निळ्या रेषेवर बोट ठेवलं. "इथे नदी वळते बघ. या वळणाच्या आत आमचं गाव. ते तुमच्या नकाशात नाही."

"इतकी लहान गावं या मापाच्या नकाशात येत नाहीत," ती ओशाळून म्हणाली.

"माहीत आहे गं. बेचाळीस वर्षं नकाशेच शिवतोय. लहान नाव नसलं तर चालतं, मोठं असलं की पुरतं."

ती वाट बघत राहिली. काकांनी भिंग पुसून तिला परत दिलं. शेवटी तिचाच तोल गेला. "तुमचा देश पुसायला सांगतायत आणि तुम्ही इतके शांत कसे बसू शकता?"

"शांत?" काकांनी चष्मा काढला. "मी? अगं, माझा हात बघ."

त्यांनी हात पुढे केला. चाळीस वर्षं सुई धरलेला तो जाड बोटांचा हात पानासारखा हलत होता.

"मी तेवीस वर्षांचा होतो," ते म्हणाले. "बांधकामावर होतो तेव्हा. तिथे एक स्वयंपाकी होता, हे नाव काढायला सांगणाऱ्यांच्याच देशातला. पोटासाठी आलेला बिचारा. एक दिवस भांडी घासताना आपल्या भाषेत गाणं म्हणत होता. ती भाषा मी लहानपणी शिपायांच्या तोंडून ऐकलेली. पुढचं मला आठवत नाही. फावड्याच्या दांड्याने मारलं मी त्याला. जबडा मोडला."

भिंगताईने पान बाजूला सरकवलं.

"सहा आठवडे तो नळीने पातळ पीत होता. पाजायला मी जायचो. त्याचं इथे कुणी नव्हतं. माझंही नव्हतं."

"माफ केलं त्याने?"

"कोण जाणे. तोंड तारांनी बांधलेलं, बोलणार कसा? तारा काढल्या आणि तिसऱ्या दिवशी गाव सोडून गेला." काका क्षणभर हसले, पण ते हसू टिकलं नाही. "तेव्हापासून रोज बसतो. राग जावा म्हणून नाही, तो जात नाही. बसतो ते एवढ्यासाठी, की राग आला तरी दांडा कुणाच्या तोंडावर घालायचा नाही, आणि आपला देशही सोडायचा नाही. दोन्ही एकाच वेळी सांभाळायचं. जड जातं."

"मग मी सही करू की नको?"

"ते मला विचारू नकोस. मी नको म्हटलं तर तू माझ्याखातर नको म्हणशील, आणि उद्या नोकरी गेली की माझ्या नावाने बोटं मोडशील."

ती घरी गेली ती आणखी बिथरून. पोचल्या पोचल्या कपाट आवरायला काढलं. आवरलेलं पुन्हा विस्कटलं. नवरा दारात उभा राहून म्हणाला, "कपाटाने काय केलंय ते तरी सांग."

गुरुवारी सकाळी सासूबाईंची वंदना सुरू झाली तेव्हा ती दुधाशी उभी होती. सासूबाई प्रसूतिगृहातून निवृत्त झालेल्या परिचारिका. आवाज असा, की झोपलेलं बाळही दचकून पहिला श्वास घेईल. एकेक शील म्हणत त्या चौथ्याशी आल्या. खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं, की तिथे सासूबाई जराशा अडखळतात. दूध उतू गेलं.

"गेलं ना दूध?" वंदना संपवून त्या आत आल्या.

"गेलं. आई, खोट्या कागदावर सही केली तर ते खोटं बोलणं झालं का?"

"कुणी सांगितली करायला?"

तिने सगळं सांगितलं. सासूबाई खुर्ची ओढून बसल्या. ओल्या फडक्याने शेगडी पुसण्याचं तिचं काम त्यांनी चालू दिलं, आणि तिच्या पाठीकडे बघत बोलायला लागल्या.

"एकदा एक बाळ मोठ्या डॉक्टरांची वाट न बघता आलं. डॉक्टर पाऊण तास उशिरा. मला म्हणाले, जन्माची वेळ पाऊण तासाने पुढे लिहा. मी लिहिली. बाळ सुखरूप, बाळंतीण सुखरूप, कुणाचं काही बिघडलं नाही. अठ्ठावीस वर्षं झाली. चौथ्या शीलाशी आले की माझी जीभ अडखळते. तुम्हाला वाटत असेल कवळीमुळे."

नवरा बूट घालता घालता ऐकत होता. "मीही रोज सही करतो," तो म्हणाला. "लिफ्ट सुरक्षित आहे म्हणून. खोटी केली तर माणूस खाली पडतो, निदान कळतं तरी. तुझ्या सहीने कोण कुठे पडतं, ते दिसत नाही. म्हणून अवघड." मग जरा थांबून, थट्टा सोडून त्याने विचारलं, "काढून टाकतील का तुला?"

"माहीत नाही."

"बरं. डबा घेतलास का?"

शुक्रवारी अकराला ती घाईसाहेबांच्या खोलीत गेली आणि फॉर्मांचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला.

"एकशे अकरा पानांवर सही आहे," ती म्हणाली. "एक्केचाळीसवर नाही."

घाईसाहेबांनी गठ्ठा न बघताच बाजूला ठेवला. "तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करताय?"

"नावे बरोबर आहेत, असं लिहिलंय त्यावर. बरोबर नाहीत. एक नावच नाही. मी बौद्ध आहे साहेब, रोज सकाळी घरात म्हणतो आम्ही, खोटं बोलणार नाही. आणि ते नाव ज्यांचं आहे तो माणूस आपल्या तळमजल्यावर बसतो. रोज त्यांना काय तोंड दाखवू?"

"तुमच्या सहीवाचून अडत नाही, सांगतो. नियमात आहे, मी करू शकतो."

"मग करा."

"तुम्हाला वाटतं मला बरं वाटतंय? वर मालक आहेत, मागे छापखाना आहे, पुढे शाळा आहेत. मी मध्ये." त्यांनी खुर्ची ओढली. त्यांना बसून सही करताना तिने पहिल्यांदाच पाहिलं. सही करून त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "मालकांच्या कानावर घालावं लागेल," ते म्हणाले. "नकाशा विभागात तुम्हाला ठेवतील असं वाटत नाही."

तसंच झालं. ॲटलास बाहेर पडला की तिची बदली व्याकरणाच्या पुस्तकांकडे, असं सोमवारी कळलं. पण त्याआधी मध्ये शनिवार आला.

त्या शनिवारी ती चौकात गेली. नवऱ्याला सांगितलं, जरा बाहेर जाऊन येते. काकांनी तिला बघितलं आणि शेजारी जागा केली. उभं राहायचं म्हणजे हातांचं काय करायचं, तेच तिला कळेना. कुणी ओळखीचं दिसतंय का म्हणून ती सारखी रस्त्याकडे बघत होती, आणि दिसूही नये असं वाटत होतं. एक मोटारसायकलवाला काहीतरी अभद्र ओरडून गेला. तिचे कान तापले. ध्यानाच्या खोलीतली ती, आणि ही, एकच बाई आहे यावर तिचा विश्वास बसेना.

तेवढ्यात भाजीची पिशवी घेतलेली एक बाई थांबली. "हे तिबेट म्हणजे नेमकं कुठे हो?"

काका उत्तर द्यायला वळले, पण भिंगताई आधीच पुढे झाली होती. तिने त्या बाईच्या पिशवीवरच बोटाने पठार काढलं, त्याच्या कडेने डोंगर, त्यातून निघणाऱ्या नद्या, कुठली कुठे जाते, किती कोटी माणसं ते पाणी पितात. पंधरा मिनिटं. बाईची भाजी सुकायला आली. "तुम्ही शिक्षिका का?" बाईने जाताना विचारलं. "नाही," ती म्हणाली, "मी नकाशे तपासते." म्हणाली आणि तिच्या लक्षात आलं, की हे वाक्य आता फार दिवस म्हणता येणार नाही.

दोन महिन्यांनी छापलेले कागद आले. तळमजल्यावर गठ्ठे उतरले. ती खाली गेली तेव्हा काकांनी पहिला गठ्ठा सोडला होता आणि एक्केचाळीसचं पान वर आलं होतं. छपाई सुरेख होती. उंचीप्रमाणे तपकिरी रंग गडद होत गेलेला. आणि मधोमध मोकळं पठार.

"दुमडायला घ्या," काका आपल्या माणसांना म्हणाले.

"तुम्ही हे शिवणार?" तिचा आवाज चढला. "स्वतःच्या हाताने?"

"शिवणार. बाकीच्या एकशे अकरा पानांनी काय घोडं मारलंय माझं?" मग हळू आवाजात म्हणाले, "पोरांना डोंगर-नद्या नीट कळू देत. आणि माझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत."

ती तशीच पाय आपटत वर आली. काकांवर राग, स्वतःवर राग, त्या सुंदर तपकिरी रंगावर राग. टेबलाशी येऊन बसली तर नजर फडताळातल्या जुन्या वहीवर गेली. त्रुटी-नोंदवही. छापून आलेल्या पुस्तकात चूक आढळली की तपासनिसाने तीत नोंद करायची. मग निर्मिती विभागाने समोरच्या रकान्यात एकतर दुरुस्ती लिहायची, नाहीतर दुरुस्ती न करण्याचं कारण. रकाना कोरा ठेवून पुस्तक बाहेर पाठवायचं नाही, असा संस्थेचा जुना नियम. तिची बदली अजून पंधरा दिवस लांब होती. तिने लिहिलं: 'पृ. ४१. पठारावर तिबेट हे नाव नाही.' सही केली, तारीख घातली आणि वही घाईसाहेबांच्या टेबलावर ठेवून आली.

पहिला दिवस गेला. दुसरा गेला. घाईसाहेब जिन्यात भेटले की नजर चुकवायचे. तिला जेवण जाईना. आपण एका भल्या माणसाला कात्रीत पकडलंय, असं वाटायचं. मग वाटायचं, पकडलं तर पकडलं. बुधवारी ती ध्यानाला बसली आणि दहा मिनिटांत उठून बाहेर गेली.

तिसऱ्या दिवशी ते वही घेऊन आले. रकान्यात तीन ओळी लिहून खोडलेल्या होत्या.

"तीन दिवस कारण जुळवतोय," ते म्हणाले. "आधी लिहिलं, 'जागेअभावी'. मग पान बघितलं. अख्खं पठार मोकळं पडलंय, जागेअभावी कसं म्हणू?"

तिला हसू आवरेना. मग तेही हसले, आणि हसता हसता त्यांचा चेहरा एकदम थकलेला दिसला. "खरं कारण लिहिता येत नाही, आणि खोटं सुचत नाही. मग शुद्धिपत्रच काढावं म्हणतो. चिकटवायची चिठ्ठी. आपल्याच लहान मशीनवर छापू. मालक दौऱ्यावर आहेत."

मजकुरावरून दोघांची जुंपली. तिला 'काढून टाकलेले' हवं होतं, त्यांना 'राहून गेलेले'. "राहून गेलं नाही ते," ती म्हणाली. "काढून टाकलं असं छापलं तर उद्या मी राहत नाही," ते म्हणाले. शेवटी दोन्ही गेलं आणि उरलं ते एवढंच: 'पृष्ठ ४१ : पठारावर तिबेट हे नाव वाचावे.'

काकांच्या हातात पहिली चिठ्ठी दिली तेव्हा ते ती बराच वेळ घेऊन उभे राहिले. मग शर्टाच्या बाहीला डोळे पुसले आणि ओरडले, "खळ पातळ करा रे! जाड झाली तर कागद आखडेल." चार दिवस चिठ्ठ्या चिकटत होत्या. बांधणीची अकरा माणसं, जेवणाच्या सुट्टीत भिंगताई, संध्याकाळी बुधवारची मंडळी. हिशेबनिसाची चिठ्ठी दर वेळी तिरकी लागायची आणि काका ती काढून पुन्हा लावायचे. नऊ हजार प्रती झाल्या.

पाचव्या दिवशी मालक परत आले. खाली आले, एक प्रत उघडली, मिटली. घाईसाहेबांना वर बोलावलं. दार बंद असूनही आवाज जिन्यापर्यंत ऐकू येत होता. अर्ध्या तासाने घाईसाहेब उतरले. एकेक पायरी. "थांबवा," ते म्हणाले. "झाल्या त्या जाऊ देत, नऊ हजार परत फोडायला वेळ नाही. बाकीच्या तशाच." उरलेल्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे त्यांच्यासमोर कापणी यंत्राखाली गेले. ते बघत उभे राहिले, आणि काका त्यांच्यासाठी चहा घेऊन आले. या वेळी तो त्यांनी गरम असतानाच प्यायला.

जिंकलो की हरलो, हे भिंगताईला कळलं नाही. एकवीस हजार प्रती कोऱ्या पठारासह गेल्या. पहिल्या मजल्यावर, व्याकरण विभागात, तिचं टेबल भिंतीकडे तोंड करून लागलं. दिवसभर अनुस्वार आणि वेलांट्या. बुधवारी ती बसायला जायची, शनिवारी चौकात. मन स्थिर राहायचं नाही. पूर्वी ते तिला अपयश वाटायचं. आता श्वासासोबत तो कल्लोळ येई, आणि ती त्याच्याकडे बघत बसे. काका म्हणत, "चळवळ करतंय ना? करू दे. उठू नकोस फक्त." कधी कधी ती उठायचीच.

शाळा उघडून तीन आठवडे झाले असतील. दुपारी टेबलावरचा फोन वाजला. नकाशा विभागातल्या कुणी घेतला नाही, म्हणून टेलिफोनवालीने तिच्याकडे जोडला होता. कुठल्या तरी लांबच्या शाळेच्या भूगोलाच्या बाई वर्गातूनच बोलत होत्या.

"तुमच्या ॲटलासबद्दल विचारायचं होतं. वर्गात चाळीस मुलं. बारा जणांच्या पुस्तकात एक चिठ्ठी आहे, बाकीच्यांच्यात नाही. मुलांची भांडणं लागलीत. चिठ्ठीवाले म्हणतात आमचं बरोबर, बाकीचे म्हणतात आमचं छापील आहे, तुमचं नंतर चिकटवलंय. मी काय सांगू त्यांना?"

शेजारच्या टेबलाशी व्याकरण विभागाची प्रमुख बसली होती आणि तिने पेन खाली ठेवलं होतं. भिंगताईने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"चिठ्ठीवाल्यांचं बरोबर आहे," ती म्हणाली.

"मग बाकीच्या अठ्ठावीस जणांनी काय करायचं?"

"पेनने लिहायला सांगा."

"पुस्तकात? छापील नकाशावर?"

"हो. आणि बाई, एका कोपऱ्यात बारीक लिहू नका म्हणावं. प्रदेशाचं नाव असं एका जागी गोळा करून लिहीत नाहीत. 'ति' इकडच्या टोकाला, 'बे' मधोमध, 'ट' पार पलीकडे. अंतर सोडून, जेवढं पठार आहे तेवढं पसरून."

"थांबा हं," पलीकडून आवाज आला, "लिहून घेते." आणि मग फोनमधूनच, वर्गाच्या गलक्यात, त्या बाई मुलांना सांगताना ऐकू आल्या, "पेनं काढा रे सगळ्यांनी."